ऑडिट शिकायचं, पण कोणत्या उद्योगाचं?

प्रश्न : मी लवकरच एका ऑडिट फर्ममध्ये ट्रेनी म्हणून रुजू होणार आहे. बँकिंग, विमा, उत्पादन आणि सॉफ्टवेअर यांपैकी एक क्षेत्र निवडायला सांगितलंय. सगळे म्हणतात, डोळे झाकून बँकिंग घे. काय करू?

उत्तर : आधी त्या त्या टीममधल्या दुसऱ्या वर्षाच्या ट्रेनीला गाठा आणि विचारा, ‘गेल्या सीझनला फाइलचे कोणते सेक्शन तुझ्याकडे होते?’ उत्तर ‘कन्फर्मेशन (क्लायंटची बाकी खरी आहे का हे इतरांना विचारणारी पत्रं) पाठवणं आणि त्यांच्यामागे लागणं’ एवढंच आलं, तर क्षेत्र कितीही वजनदार असो, तुम्ही दोन वर्षं पोस्टमनचं काम करणार. मोठ्या बँकेच्या ऑडिटमध्ये हे सहज होतं. टीम मोठी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा एक चतकोर.

आमचा कौल उत्पादनाला. तिथे आकड्यामागची वस्तू डोळ्यांना दिसते आणि नवख्यालाही खरं काम मिळतं. स्टॉकची मोजणीच घ्या. ती दोन्ही दिशांनी तपासायची असते : यादीतल्या काही नोंदी निवडून माल गोदामात शोधायचा, आणि गोदामातला काही माल निवडून तो यादीत आहे का ते पाहायचं. पहिल्याने नसलेला माल दाखवलाय का ते कळतं, दुसऱ्याने असलेला माल सुटलाय का ते. नवखे बहुधा पहिलीच दिशा करून निघतात. थप्पीच्या मागच्या रांगेतली खोकी उघडायला लावा. शेवटच्या आवक-जावक पावत्यांचे नंबर तिथेच टिपून घ्या, कारण महिन्याभराने कटऑफ (व्यवहार योग्य वर्षात धरलाय का ते) तपासताना तेच लागतात. मोजणीच्या कोऱ्या उरलेल्या शीटचे नंबरही लिहून ठेवा, नाहीतर मागाहून त्यांवर माल ‘सापडतो’.

मग येतं स्टॉकचं मूल्यांकन. समजा, कारखान्याची सर्वसाधारण क्षमता १०,००० नग आणि स्थिर उत्पादन खर्च ५,००,०००, म्हणजे नगामागे ५०. यंदा मागणी नसल्याने ५,०००च नग निघाले. आयएएस २ या स्टॉकच्या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकाप्रमाणे नगावर ५०च चढवायचे, उरलेले २,५०,००० थेट त्या वर्षीच्या खर्चात. कंपनीने नगामागे १०० लावले असतील, तर न विकलेला प्रत्येक नग ताळेबंदात ५०ने फुगलेला आणि नफाही तेवढाच फुगलेला. हे एकदा स्वतः पकडलंत की कॉस्ट शीटकडे बघायची नजरच बदलते.

बँकिंग वाईट नाही. तुम्हाला डेटात रमायला आवडत असेल तर जरूर घ्या, पण ‘कर्जाच्या तरतुदीवर (बुडू शकणाऱ्या रकमेच्या अंदाजावर) काम मिळेल का’ हे आधी विचारून घ्या. आयएफआरएस ९ या कर्जासारख्या वित्तीय साधनांच्या मानकात खरा जोखमीचा आकडा तोच. पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे जोखीम फारशी न वाढलेल्या कर्जाचं साधं गणित पाहा : बाकी १,००,०००, पुढच्या १२ महिन्यांत कर्ज थकण्याची शक्यता २ टक्के, थकल्यास बुडणारा हिस्सा ४० टक्के, तर तरतूद ८००. कर्जाची जोखीम बरीच वाढली की ते दुसऱ्या टप्प्यात जातं आणि उरलेल्या पूर्ण मुदतीचा हिशेब लागतो. ती शक्यता १० टक्के धरली तर तरतूद ४,००० (डिस्काउंटिंग, म्हणजे पुढची रक्कम आजच्या किमतीत आणणं, सोडून). कर्ज तेच, फक्त टप्पा बदलला आणि आकडा पाचपट. हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला की जोखीम वाढली असं गृहीत धरतात; बँकेला ते खोडता येतं, पण पुराव्यानिशी. म्हणूनच गडबड बहुतेकदा सूत्रात नसते, थकबाकीचे दिवस मोजण्यात असते. कर्जाची नव्याने बांधणी झाली आणि दिवसांचा काटा शून्यावर आला, अशी खाती वेगळी काढून बघा.

सॉफ्टवेअर कंपन्यांत सगळा जीव महसुलात. लायसन्स, सपोर्ट आणि अपग्रेड एकाच करारात विकलेले असतात. कोणता भाग कधी महसूल म्हणून धरायचा, हे आयएफआरएस १५ च्या पाच पायऱ्यांनी ठरतं. करार वाचायचा कंटाळा असेल तर तिकडे फिरकू नका.

प्रश्न : दोन वर्षं फक्त विमा कंपन्यांचं ऑडिट केलं. आता क्षेत्र बदलायचंय. उशीर झाला का?

उत्तर : नाही, पण सीनियर झाल्यावर फार रेंगाळू नका. ट्रेनीने नवं क्षेत्र शिकणं फर्मला चालतं; मॅनेजरला मात्र पहिल्याच मीटिंगमध्ये क्लायंटचा धंदा कळावा लागतो. विम्यात १ जानेवारी २०२३पासून आयएफआरएस १७ हे विमा करारांचं आंतरराष्ट्रीय मानक लागू झालं, त्यामुळे तिथे अनुभवी माणसांची ओढाताण आहे आणि मॅनेजर तुम्हाला सहजी सोडणार नाही. विनंती पुढच्या सीझनचं शेड्यूल लागण्याआधी द्या. अर्जात ‘विमा केला’ असं लिहू नका. पॉलिसी डेटाची पूर्णता तपासली, अ‍ॅक्च्युअरीच्या (विम्याच्या जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या) मॉडेलला गेलेला डेटा मूळ नोंदींशी जुळवला, गृहीतकांना आव्हान दिलं, असं लिहा. आयएसए ५४० या ऑडिटच्या मानकाखाली अंदाजांचं ऑडिट सगळीकडे याच धाटणीचं, मग ते पेन्शनचं दायित्व असो की खाण बंद करण्याची तरतूद.

प्रश्न : बँकिंग टीममध्ये गेलो तर माझ्या गृहकर्जाचं आणि शेअर्सचं काय?

उत्तर : ऑडिटरांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेनुसार ऑडिट टीममधल्या माणसाला क्लायंटचा एकही शेअर ठेवता येत नाही, रक्कम कितीही किरकोळ असो. जोडीदाराचेही त्यात आले. क्लायंट बँकेचं कर्ज मात्र चालतं, जर ते नेहमीच्या प्रक्रियेने आणि इतर ग्राहकांसारख्याच अटींवर मिळालं असेल. फर्मचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. तेव्हा दोन्हींची माहिती टीममध्ये नाव लागण्याआधी फर्मच्या स्वातंत्र्य विभागाला (क्लायंटशी कुणाचे हितसंबंध नाहीत ना हे पाहणाऱ्या) लेखी कळवा. विसरलेले पाच शेअर नंतर सापडले, तर तुम्ही केलेलं काम पुन्हा तपासायची पाळी टीमवर येऊ शकते.