लेकीची समुद्राची भीती आणि घरातला अबोला

नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देते. मे महिन्यात तुम्ही चिंचवडहून पती, सासू-सासरे आणि साडेचार वर्षांची मुलगी यांच्यासह दापोलीजवळच्या मुरुडला गेला होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मग हर्णै बंदरातून होडीने सुवर्णदुर्ग, त्यानंतर जेवण आणि चार वाजता समुद्र असा बेत होता. पाण्याजवळ जाताच मुलगी रडू लागली. ‘आम्हाला वडिलांनी विहिरीत ढकललं, तेव्हाच पोहायला आलं,’ असे सासरे म्हणाले आणि पतींनी तिला उचलून कमरेएवढ्या पाण्यात नेले. एक लाट तिच्या तोंडावरून गेली. तुम्ही धावत जाऊन तिला ओढून घेतलेत आणि ‘तुम्हाला मुलीपेक्षा तुमचा हट्ट मोठा आहे,’ असे सर्वांदेखत पतींना सुनावलेत. तेव्हापासून घरात कामापुरतेच बोलणे होते, मुलगी डोक्यावरून पाणी घेऊ देत नाही, आणि आता दिवाळीत पाडव्यापासून तीन दिवस पुन्हा तिथेच जायचे ठरते आहे. जावे की टाळावे, आणि त्या दिवशी आपले चुकले का, असे तुम्ही विचारता.

मुलीला पाण्याबाहेर आणलेत हे योग्यच केलेत. त्याविषयी मनात किंतु ठेवू नका. पतींना जे बोललात त्याचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तो मी पुढे करतेच. पण आधी त्या दिवशी मुलीवर काय ओढवले ते घरातल्या सर्वांना समजायला हवे.

मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारी लाट एवढ्या मुलाच्या कमरेशी येते. तिचा आवाज मोठा असतो, ती पुन्हापुन्हा येते आणि कधी थांबेल हे मुलाला कळत नाही. त्याहून धास्ती घालणारी गोष्ट पायाखाली घडते: परतणारी लाट टाचांखालची वाळू ओढून नेते आणि उभे असताना जमीनच सरकते आहे असे वाटते. आपल्याला त्या गुदगुल्यांची मौज वाटते, कारण आपण पडणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. मुलीला ते ठाऊक नव्हते. शिवाय देवळाचा चढ, होडी, किल्ल्यावरचे ऊन आणि हुकलेली दुपारची झोप हे सारे अंगावर घेऊनच ती किनाऱ्यावर आली होती. त्या वेळी तिला बहुधा झोपेची गरज होती. तुम्ही लिहिलेला बेत मोठ्यांसाठी उत्तम आहे, पण एवढ्या मुलासाठी दिवसाला एक गोष्ट पुरते आणि समुद्र असेल तर ती गोष्ट समुद्रच असावी.

सासऱ्यांच्या विहिरीविषयीही लिहायला हवे, कारण त्यांचा अनुभव खोटा नाही. गावाकडे असंख्य मुले तशीच पोहायला शिकली. परंतु ती बहुधा आठ-दहा वर्षांची असत, पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधलेला असे, खाली पट्टीचे पोहणारे काका-मामा असत आणि विहिरीचे पाणी स्थिर असे. समुद्राचे पाणी माणसाला ओढते. त्यातही धाक बसलेल्या लहान मुलाला जबरीने पाण्यात नेले की भीती मोडत नाही, उलट पक्की होते. आणि ज्याच्या कडेवर सुरक्षित वाटायचे त्या माणसाचीच धास्ती वाटू लागते. म्हणूनच तिचा अंघोळीचा नकार मी हट्ट मानत नाही.

आता पतींविषयी. तुमच्या पत्रातला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटला. वडिलांनी सर्वांसमोर विहिरीचा दाखला दिल्यावर त्यांनी मुलीला उचलले, त्यापूर्वी ते तिच्याजवळ वाळूत बसून होते. म्हणजे ते स्वतःहून घाई करत नव्हते. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी जे केले त्यावर तुम्ही त्याच वडिलांसमोर त्यांना हट्टी ठरवलेत, आणि तो घाव त्यांना लागला असणार. तेव्हा त्या एका वाक्यापुरती माफी मागा; मुलीला ओढून घेतल्याची मुळीच नको. ‘मी घाबरले होते, तुम्हाला तसं बोलायला नको होतं, पण तिला पुन्हा असं नेलेलं मला चालणार नाही,’ एवढे दोघेच असताना सांगा. सासूबाई किंवा नणंद यांच्यामार्फत निरोप धाडू नका.

त्यांच्याकडूनही एक गोष्ट व्हायला हवी, आणि ती फक्त तेच करू शकतात. त्यांनी मुलीशेजारी बसून तिला म्हणावे, ‘त्या दिवशी तू नको म्हणत होतीस तरी मी तुला पाण्यात नेलं. आता तू हो म्हटल्याशिवाय नेणार नाही.’ साडेचार वर्षांच्या मुलीला हे नीट कळते. पुढे तो शब्द त्यांनी अक्षरशः पाळावा.

दिवाळीत जरूर जा. गेला नाहीत तर मुलीच्या मनात त्या किनाऱ्याची शेवटची आठवण तोंडात गेलेल्या खाऱ्या पाण्याचीच राहील. मात्र वेळ नीट निवडा. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, म्हणजे पाडवा (तिथी पहिली) आणि भाऊबीज (तिथी दुसरी) हे उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की बारानंतर तितक्या तासांनी भरती पूर्ण होते हा कोकणातला जुना हिशेब आहे. त्यानुसार त्या दोन दिवसांत दुपारी बारा ते दीडच्या आसपास पाणी पूर्ण चढलेले असेल आणि सकाळी सहा ते साडेसातच्या सुमारास ओहोटी असेल. संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत अंधार पडतो, म्हणून सकाळच धरा. नक्की वेळ जिथे उतराल तिथल्या मालकांना विचारून घ्या. सातला किनाऱ्यावर पोहोचा, नऊच्या आत परत फिरा आणि दुपारी तिला पोटभर झोपू द्या.

पहिल्या सकाळी पाण्याचे नावच काढू नका. ओहोटीच्या ओल्या वाळूवर मोहरीहून थोड्या मोठ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती करणारा नखाएवढा खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्नकण वेचतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. बिळाभोवती अशा गोळ्यांच्या रांगा लागतात. पाऊल वाजले की तो आत पळतो, म्हणून उकिडवे बसून गप्प राहावे लागते. आजोबांना नातीबरोबर हेच काम द्या. मुलीला काहीतरी शिकवण्याची त्यांची हौस खरी आहे, आणि तिला इथे वाव मिळेल.

दुसऱ्या सकाळी लाटांपासून लांब एक खड्डा खणा आणि पतींनी बादलीने पाणी आणून तो भरावा. तिला वाटले तर ती पाय बुडवेल. तिसऱ्या दिवशी कदाचित ती स्वतःच बादली घेऊन कडेपर्यंत जाईल, कदाचित जाणारही नाही. ‘बघ, काही होत नाही,’ असे म्हणण्यापेक्षा ‘केवढा मोठा आवाज येतो ना?’ असे म्हणा. तिला जे वाटते ते खरे आहे हे आधी तिला ऐकू द्या. ‘भित्री’ हा शब्द तिच्यासमोर कोणीही, लाडानेसुद्धा, वापरायचा नाही.

पाण्याजवळ असताना तिच्यावर लक्ष कोणाचे, हे नाव घेऊन ठरवा. चार मोठी माणसे भोवती असली की प्रत्येकाला दुसरा पाहतो आहे असे वाटते, आणि मूल तेवढ्यात निसटते. ज्याची पाळी असेल त्याने मोबाईल दुसऱ्याकडे द्यावा आणि तिच्यापासून हातभर अंतरावर राहावे. हवेच्या रिंगवर विसंबू नका, वाऱ्याने आणि ओहोटीने ती मुलासकट आत जाते. किनाऱ्यावरून गाड्या धावतात, त्यामुळे वाळूतही तिचा हात सोडू नका.

अंघोळीसाठी दिवाळीपर्यंत थांबू नका. तांब्या तिच्या हातात द्या आणि आधी पायांवर, मग खांद्यांवर तिचे तिलाच पाणी घेऊ द्या. केस धुताना डोळ्यांवर कोरडा पंचा धरायला सांगा, मान मागे करा आणि पाणी ओतण्यापूर्वी दर वेळी तिला विचारा. ती नको म्हणाली तर त्या दिवशी ओल्या फडक्याने केस पुसून भागवा. अभ्यंगस्नान कडेवर, कोमट पाण्याचे, डोके वगळून झाले तरी चालेल, आणि हे सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. महिनाभर असे करूनही ती पाणी पाहून थरथरत असेल, किंवा रात्री दचकून उठत असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने बालमानसतज्ज्ञांना भेटा. त्या भेटीला पतींनाही बरोबर न्या.