खोली घ्यावी की बसनं यावं-जावं?

प्रश्न : मावशी, बेळगावात टिळकवाडीत ऑफिसची नोकरी मिळतेय. पगार १४ हजार. खोलीचं भाडं ६ हजार, वर डिपॉझिट ५० हजार! आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं. काय करू?

उत्तर : अगं, भाडं भरून खाशील काय? 'शक्ती' योजनेमुळं जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसला पैसे नाहीत. इथल्या पत्त्याचं आधारकार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट हातात. खानापूर-बेळगावची चिंता नको. (बसायला जागा मिळेल असं मात्र समजू नकोस.) घोडं अडतं खानापूर स्टँडपासून पुढं. गावची शेवटची गाडी चुकली की वडापवाला (शेअर जीपवाला) येईल तेव्हा खरं, आणि पावसाळ्यात तोही भरवशाचा नाही. म्हणून रुजू होण्याआधी सुटायची वेळ साहेबांकडून पक्की करून घे. साडेपाचला सोडणार असतील तर जा. सात वाजवणार असतील तर दोघीतिघी मिळून खोली बघा, डिपॉझिट वाटून घ्या.