पगार घटला, म्हणून मुलीची पोटगी कमी होईल का?

प्रश्न : २०२१ मध्ये पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली माझ्या मुलीसाठी दरमहा १५,००० रुपये पोटगी मंजूर केली. तेव्हा माझा पगार ७२,००० रुपये होता. कंपनीतील नोकरकपातीत माझी नोकरी गेली आणि नव्या नोकरीत ३८,००० रुपयेच मिळतात. काही महिन्यांपासून मी ८,००० रुपये पाठवतो. मुलीची आई नोकरी करते. रक्कम कमी करून घेता येईल का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : रक्कम कमी करून मागण्याचा हक्क आपल्याला निश्चित आहे, मात्र ती आपणहून कमी करण्याचा अधिकार नाही. न्यायालयाचा आदेश बदलेपर्यंत १५,००० रुपयेच देय राहतात, आणि दरमहा न दिलेले ७,००० रुपये थकबाकी म्हणून साचत आहेत. थकबाकीसाठी मुलीच्या वतीने एक वर्षाच्या आत अर्ज झाल्यास वसुलीचे वॉरंट निघू शकते आणि त्यानंतरही रक्कम न भरल्यास एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. कारावास भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

म्हणून पहिले काम अर्जाचे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून पोटगीची रक्कम बदलण्याची जुन्या कलम १२७ ची तरतूद आता तिच्या कलम १४६ मध्ये आहे. परिस्थितीत बदल झाल्याचे सिद्ध केल्यास ज्या न्यायालयाने पोटगी ठरवली, तेच ती कमी किंवा जास्त करू शकते. नोकरी संपल्याचे पत्र, दोन्ही नोकऱ्यांच्या पगारपावत्या, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि बँकेचे खातेउतारे अर्जाला जोडावेत. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र द्यावे लागते. त्यात ठेवी, भाडे, जोडधंद्याचे उत्पन्न असे काहीही लपवू नये, कारण एक गोष्ट खोटी ठरली की खऱ्या अडचणीवरचाही न्यायालयाचा विश्वास उडतो. घर किंवा गाडीच्या कर्जाचे हप्ते वजा करून पगार कमी दाखवण्याचाही उपयोग सहसा होत नाही. स्वेच्छेने घेतलेले कर्ज मुलीच्या निर्वाहापुढे दुय्यम मानले जाते.

पगार जवळपास निम्मा झाला म्हणून पोटगीही निम्मी होईल, असे मात्र गृहीत धरू नये. न्यायालय मुलीची शाळेची फी, शिकवणी, औषधपाणी, वाढत्या वयाच्या गरजा, आपली शिक्षण व अनुभवानुसार कमावण्याची क्षमता आणि आईचे उत्पन्न या साऱ्यांचा एकत्र विचार करते. आई कमावते म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही, तिचा वाटा फक्त हिशेबात धरला जातो. आणि मला हे योग्यच वाटते, कारण रोजच्या संगोपनाचे श्रम कोणत्याही पगारपावतीत दिसत नाहीत.

मुलीच्या आईशी मोकळेपणाने बोलून रकमेवर एकमत झाले, तर उत्तमच. पण मोबाइलवरील संदेशांतल्या होकारावर विसंबू नये. पोटगीचा हक्क मुलीचा आहे आणि आई तो परस्पर सोडू शकत नाही, त्यामुळे संमतीच्या अटी लेखी करून न्यायालयापुढे ठेवाव्यात व तसा आदेश घ्यावा. तोवर पूर्ण रक्कम जमत नसेल, तर जमेल तेवढी दरमहा बँकेमार्फतच पाठवावी, रोख देऊ नये, आणि साचलेली थकबाकी हप्त्यांनी फेडण्याची परवानगी न्यायालयाकडे मागावी.