अपघातात नडगीचं हाड मोडलं, तर कायदेशीर नुकसानभरपाई कशी आणि किती मिळते?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. भाऊ ३४ वर्षांचा, फरशी बसवण्याचं काम करतो. दुचाकीवरून जाताना मागून आलेल्या कारने ठोकलं, डावी नडगी मोडली, आत रॉड घातलाय. अपघाताला दोन महिने होत आले. पोलिसांत नोंद झाली आहे, पण कारमालक म्हणतोय की ५० हजार घ्या आणि 'काही तक्रार नाही' असं स्टॅम्पवर लिहून द्या. उत्पन्नाचा कागद म्हणाल तर काहीच नाही, आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं याची भावाला धास्ती आहे.

निवृत्त होईपर्यंत मी एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात होतो. म्हणजे अशा दाव्यांत तुमच्या समोरच्या बाजूला. वकील नाही, पण दाव्याची फाईल कुठे अडते आणि रक्कम कुठे कापली जाते ते जवळून पाहिलंय. तेवढंच सांगतो.

आधी ते ५० हजार. लिहून अजिबात देऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पॉलिसी चालू असेल तर भरपाई कारमालकाच्या खिशातून जातच नाही, विमा कंपनी देते. मालकाला खरी चिंता असते ती पोलीस केसची, तुमच्या भावाच्या पायाची नव्हे. ही रक्कम किती तोकडी आहे ते बघा: धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. इथे तर गाडी, चालक, मालक सगळे हजर आहेत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरवलेले आहेत. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येतच गंभीर दुखापत आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये तसं होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आहे.

मात्र त्या अडीच लाखांवर घाईने सही करू नका. विमा कंपनीचा नेमलेला अधिकारी कलम १४९ खाली तडजोडीचा देकार देऊ शकतो. तो मान्य करून कलम १६४ ची रक्कम घेतली, की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा मोठा दावा तिथेच संपतो. भावाच्या बाबतीत चूक उघड कारवाल्याची आहे, त्यामुळे रस्ता कलम १६६ चाच.

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात ते असतं. अपघात जिथे झाला तिथे, किंवा भाऊ राहतो अथवा काम करतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यातलं सोयीचं निवडता येतं. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करायचं. १ एप्रिल २०२२ पासून मुदत अपघातापासून सहा महिन्यांची झाली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. 'आधी पाय पूर्ण बरा होऊ दे, मग बघू' असं म्हणत बरेच जण मुदत घालवतात. पाय बरा होईपर्यंत थांबायचं असतं ते तडजोडीसाठी, दावा दाखल करण्यासाठी नाही. अपंगत्वाचा दाखला नंतर पुराव्याच्या वेळी देता येतो. आकडा कमी मागितला गेला म्हणूनही फार घाबरायचं कारण नाही. न्यायाधिकरण मागणीपेक्षा जास्त रक्कम देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या खटल्यात स्पष्ट केलंय. त्याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. भरपाई एकदाच ठरते. उद्या रॉड काढायचं ऑपरेशन करावं लागलं तर त्याचा खर्च मागायला पुन्हा जाता येत नाही. तो आत्ताच, डॉक्टरांच्या लेखी अंदाजासकट मागावा लागतो.

आता कागद. फाईल टेबलावर आली की आमच्याकडे एफआयआरच्याही आधी बघितला जायचा तो हॉस्पिटलचा पहिला केस पेपर. दाखल करताना इजा कशाने झाली याची एक ओळ लिहिलेली असते. तिथे 'वाहन अपघात' असेल तर ठीक. 'गाडीवरून पडून' किंवा नुसतं 'पडून' असेल, तर कंपनीचा वकील पुढची सगळी लढाई त्या एका ओळीवर लढतो: कार कुठून आली, हा तर स्वतःच घसरून पडला! गडबडीत सोबत आलेल्या कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि ड्युटीवरच्या डॉक्टरने ते उतरवलेलं असतं. म्हणून तो कागद आजच मिळवून वाचा. चुकीचं असेल तर खाडाखोड करायला सांगू नका, त्याने प्रकरण आणखी बिघडतं. एमएलसीची (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली मेडिको-लीगल केसची) नोंद, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांवरच्या नुकसानीची पाहणी, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब, यांतून मागून धडक बसल्याचं दाखवता येतं. अशा दाव्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढंच बघतात. तुमच्याकडे एफआयआर आहेच, पण इतर वाचकांसाठी सांगतो: ती उशिरा झाली एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. माणूस आधी जखमीला दवाखान्यात नेणार की ठाण्यात जाणार, हे न्यायालयांनाही कळतं.

पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो आणि कायद्याने तो अहवाल दावा म्हणूनही धरता येतो. पाठवला का, ते ठाण्यात जाऊन विचारा. पाठवला असला तरी स्वतःचा अर्ज करा.

एक्स-रे तीन टप्प्यांचे जपून ठेवा: ऑपरेशनच्या आधीचा, रॉड घातल्यानंतरचा आणि हाड जुळल्यावरचा. औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, रिक्षाभाड्याच्या नोंदी, सगळं. मेडिक्लेम असेल आणि मूळ बिलं तिकडे गेली असतील, तर साक्षांकित प्रती घ्या. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे.

किती मिळेल, हा तुमचा मुख्य प्रश्न. याचं उत्तर हाडात नाही, भावाच्या कामात आहे. मोडलेल्या हाडांचं कुठलंही दरपत्रक नसतं.

डॉक्टर दाखला देताना लिहितात, समजा, 'डावा पाय, ३० टक्के कायमचं अपंगत्व'. लोकांना वाटतं ३० टक्के कमाई गेली असं धरून पैसे मिळणार. तसं होत नाही. ते ३० टक्के त्या पायाचे असतात, संपूर्ण शरीराचे त्याहून कमी, आणि कमावण्याची क्षमता किती गेली हा तिसराच आकडा असतो. या विषयावरचा पायाभूत निकाल म्हणजे राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सर्वोच्च न्यायालय, २०१०. त्यातल्या माणसाच्याही डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली होती, पनीर विकण्याचा त्याचा धंदा होता. दाखला पायाच्या ४५ टक्के अपंगत्वाचा होता, पण न्यायालयाने कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरलं. न्यायालयाने तिथे उदाहरण दिलंय ते डावा हात गमावलेल्या माणसाचं. तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली, सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते.

हाच तर्क भावाच्या बाजूने वापरायचा. टेबलावर बसून काम करणाऱ्याला नडगीतल्या रॉडचा त्रास कमी होईल. फरशी बसवणारा दिवसभर उकिडवा बसतो, गुडघे टेकतो, पेट्या उचलतो. नडगीतला रॉड गुडघ्याच्या खालच्या बाजूने आत सरकवतात, आणि त्यानंतर गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत राहणं, विशेषतः गुडघे टेकताना, ही अस्थिरोगतज्ज्ञांच्या ओळखीची तक्रार आहे. पण दाखल्यावर फक्त 'डावी नडगी, रॉड घातला, हाड जुळले' एवढंच असेल तर न्यायाधीशांना हे कसं कळणार? डॉक्टरांकडून लिहून घ्या: गुडघा आणि घोटा किती अंशात वाकतो, उकिडवं बसता येतं का, पाय आखूड झालाय का, वजन उचलता येईल का, या कामावर परत जाता येईल का. नडगी जुळायला सहसा चार-सहा महिने जातात, कधी जास्तही. वाकडी जुळली किंवा जुळलीच नाही तर चित्र आणखी बदलतं. म्हणून हा दाखला उपचार स्थिरावल्यावर घ्यायचा. शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडूनच, किंवा जिल्हा रुग्णालयातून, आणि साक्षीला येणार का हे आधीच विचारायचं. डॉक्टर उलटतपासणीला आलेच नाहीत तर तो दाखला नुसता कागद उरतो. आमचे वकील याचीच वाट बघायचे.

हिशोब कसा मांडतात ते एका कल्पित आकड्यावर दाखवतो. महिना २०,००० कमाई, म्हणजे वर्षाला २,४०,०००. चाळिशीच्या आतला, स्वतःचं काम करणारा, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. ही वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यात नाही, जखमीच्या दाव्यातही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या पप्पू देव यादव निकालात सांगितलंय. कमाईची क्षमता १० टक्के गेली असं ठरलं तर वर्षाचं नुकसान ३३,६००. सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला १६ ने गुणायचं. झाले ५,३७,६००. तेच १० ऐवजी २० टक्के सिद्ध झाले तर रक्कम दुप्पट. म्हणून वरचा परिच्छेद इतका लांबवला.

याच्यावर मग उपचाराचा खर्च, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, घरी बसलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई, सोबत राहणाऱ्याचा खर्च, प्रवास, पौष्टिक आहार, वेदना आणि यातना, आयुष्यातल्या गोष्टी उपभोगता न येणं, अशी एकेक बाब येते. वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज. घरातल्या माणसांनी केलेल्या शुश्रूषेचेही पैसे मागता येतात. ते सांगायला लोक लाजतात, लाजू नका.

उत्पन्नाचा कागद नसणं ही अडचण आहे, पण दावा बुडवणारी नाही. काहीच पुरावा नसला तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आधाराने अंदाज धरतं, आणि कुशल कारागिरासाठी तो अंदाज बहुधा कमीच पडतो. तेव्हा खरं जे आहे ते गोळा करा: बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, फोनवरून आलेले पैसे, ठेकेदाराची डायरी, ज्यांच्या घरी काम केलं त्यांची साक्ष, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी असेल तर ते कार्ड. मागच्या तारखेचं पगारपत्रक बनवून घेऊ नका. ते पकडलं जातं, आणि एक कागद खोटा निघाला की खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

हेल्मेटचं म्हणाल, तर ते नसल्याचा दंड वेगळा. पण मोडलीय नडगी, डोक्याला लागलेलं नाही, आणि धडक मागून बसली आहे. हेल्मेट नव्हतं म्हणून अपघात झाला असं कुणी म्हणू शकत नाही. भावाकडे लायसन नसतं तरी तेवढ्यावरून त्याची चूक धरता आली नसती. उलट कारचालकाकडे वैध लायसन नाही असं निघालं, तरी बहुतेक वेळा न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

मध्येच कधीतरी लोकअदालतीची नोटीस येईल. वाईट नाही ती. चार-पाच वर्षांची तारीख पे तारीख वाचू शकते आणि कंपन्यांनाही फाईल बंद करायची असते. पण हाड जुळल्याचा एक्स-रे आणि दाखला हातात नसताना आकडा बोलू नका, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं.

वकिलाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय की 'तीस टक्के मागतात, द्यायचे का?' मिळणाऱ्या रकमेतला वाटा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, तरी ही पद्धत सर्रास चालते. फी ठरावीक रकमेत, लेखी ठरवा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर भावाची सही होऊ देऊ नका आणि भरपाई त्याच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा होईल असं बघा. फी झेपणारी नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना आणि दिव्यांगांना तिथून मोफत वकील मिळतो. जाताना एफआयआर, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, कारच्या पॉलिसीचा क्रमांक आणि भावाचं आधार कार्ड एवढं सोबत न्या. पॉलिसी क्रमांक पोलिसांकडे मिळेल.