वाचक विचारतात : बिटमॅप नेमका कुठे बिघडतो?

प्रश्न : जीएचसीच्या (हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) धर्तीवर हॅस्केलमध्ये छोटा कंपायलर लिहितोय. स्टॅक फ्रेमचा (फंक्शनच्या कामासाठी राखलेल्या मेमरीच्या जागांचा गट) बिटमॅप, म्हणजे कोणत्या जागेत पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आहे हे 0-1 ने दाखवणारा नकाशा, पॉइंटरच्या जागांच्या यादीतून बांधतो. 64 पेक्षा जास्त जागा झाल्या की गार्बेज कलेक्शनच्या (नको असलेली मेमरी मोकळी करण्याच्या) वेळी प्रोग्रॅम कोसळतो. का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी यादी क्रमाने लावलेली आहे का बघा. जीएचसीची पद्धत अशी, की 64 पेक्षा लहान आकडे सुरुवातीपासून उचलायचे, पहिला शब्द (64 बिटांचा एक गट) बनवायचा, उरलेल्यांतून 64 वजा करून पुढचा. यादीत 70 नंतर 3 आला, तर तो दुसऱ्या शब्दात जाऊन उणे 61 होतो. डुप्लिकेटही नकोत.

दुसरी गफलत अर्थाची. जकार्ड मागाच्या (नक्षी विणणाऱ्या) पंचकार्डात भोक म्हणजे धागा वर. तुमच्या सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. इथे मात्र 0 म्हणजे पॉइंटर, 1 म्हणजे साधा आकडा. सहा जागांच्या फ्रेममध्ये 0, 2, 5 वर पॉइंटर असतील तर 1, 3, 4 वर 1 येतो, म्हणजे बिटमॅप 2 + 8 + 16 = 26. उलटं झालं, की कलेक्टर आकड्याला पत्ता समजतो आणि खरा पॉइंटर हलवलेल्या वस्तूच्या जुन्या जागेकडेच बघत राहतो.

64 बिटांच्या मशीनवर लहान बिटमॅपचे खालचे 6 बिट आकारासाठी, उरलेले 58 नकाशासाठी. म्हणून वरचं उदाहरण 26 × 64 + 6 = 1670 असं साठतं. 58 च्या पुढे वेगळा मोठा बिटमॅप: आकार आणि शब्दांची रांग. शब्दाची रुंदी टार्गेट मशीनची (जिच्यावर प्रोग्रॅम चालणार तिची) घ्या, स्वतःच्या लॅपटॉपची नव्हे. 32 बिटांवर हेच 5 आणि 27 होतं.