पहिलीच आरसी कार नायट्रो घेऊ का? सगळे म्हणतात इलेक्ट्रिक घे, नायट्रो सारखी बंद पडते

ते "सारखी बंद पडते" वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी नऊ वर्षं घरात ऐकतोय, आमच्या दाजींच्या तोंडून, आणि दर वेळी माझं उत्तर अर्धं असतानाच कोणीतरी विषय बदलतं. म्हणून आज इथे पूर्ण लिहितो.

माझी पहिली रिमोटवरची गाडी म्हणजे वन-एट स्केलची (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराची) नायट्रो बगी, म्हणजे फ्यूलवर चालणारी, 3.5 सीसीचं इंजिन, पुल स्टार्ट, दोरी ओढून चालू करायचं. वर्षभर पैसे साठवून घेतली होती. इंजिनाचं ब्रेक-इन, म्हणजे नवीन इंजिन हळूहळू रुळवणं, चालू होतं, तिसरी टाकी. नीडल (फ्यूल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू) रिच, म्हणजे फ्यूल जास्त, मागून दाट धूर, गाडी हळूहळू गोल गोल फिरवायची, टाकी संपली की फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून थंड होऊ द्यायचं, मग परत. कंटाळवाणं काम आहे पण मी मन लावून करत होतो. तेवढ्यात दाजी आले. दाजींचा बाइकच्या कार्बोरेटरवर हात खरंच चांगला आहे, टू-स्ट्रोक बाइक ते नुसत्या आवाजावर सेट करायचे, ते मी कधीच नाकारलं नाही. पण त्यांनी धूर बघितला आणि म्हणाले, "अरे केवढं पेट्रोल जाळतोयस, मिक्स्चर कस की जरा, आण इकडे." आणि मी नको नको म्हणेपर्यंत हाय स्पीड नीडल अर्धा फेरा आत, म्हणजे फ्यूल कमी.

गाडी जी सुटली, तशी ती आधी कधीच पळाली नव्हती. धूर गायब, आवाज एकदम बारीक आणि चिरका, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि खरं सांगतो मलाही त्या दोन मिनिटांत वाटलं की मीच उगाच घाबरत होतो. मग आवाज बसल्यासारखा झाला आणि इंजिन बंद. हेडवर थुंकी लावली तर चर्र करून उडून गेली. थंड झाल्यावर दोरी ओढली तर वर पिस्टन अडतच नव्हता, फ्लायव्हील बोटाने गरगर फिरत होतं. कॉम्प्रेशन संपलं. उघडल्यावर पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे. दाजी म्हणाले, "खेळण्यातलं इंजिन ते, एवढंच टिकायचं." आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी सगळ्यांसमोर तेच.

आता ऐका. पहिली गोष्ट, ते पेट्रोल नव्हतंच. नायट्रोचं फ्यूल म्हणजे मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन, साधारण 16 ते 25 टक्के, आणि तेल. बाइकच्या टू-स्ट्रोकला तेल किती, दोन-चार टक्के. इथे दहाच्या आसपास, कधी जास्तही. मग धूर येणारच, तो धूर म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचतंय याची पावती आहे. दुसरी गोष्ट, पेट्रोलच्या एका भागाला जाळायला साधारण 14.7 भाग हवा लागते, मिथेनॉलला 6.4, आणि नायट्रोमिथेनला जेमतेम 1.7, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेत हे इंजिन कितीतरी जास्त फ्यूल पितं, आणि पिलंच पाहिजे, कारण मिथेनॉल वाफ होताना उष्णता ओढून घेतं, म्हणजे फ्यूलच इंजिन थंडही ठेवतं आणि तेलही आणतं. नीडल आत घेतलीत की या दोन्ही गोष्टी एकदमच कमी होतात.

आणि ते वर अडणं. या इंजिनाच्या पिस्टनला रिंग नसते, स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, पितळी, आतून क्रोम, वरच्या टोकाला किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन वर जाऊन घट्ट बसतो, गरम झाल्यावर स्लीव्ह फुगून फिट बरोबर येतो. नवीन माणसाला वाटतं इंजिन जाम आहे. नाही, तेच तर त्याचं आयुष्य आहे. हेअर ड्रायरने हेड गरम करून मग दोरी ओढा, दोरी तुटणार नाही.

त्याच गाडीत मी नवीन पिस्टन-स्लीव्ह टाकलं, ब्रेक-इन स्वतः केलं, नीडलला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, आणि त्या सेटवर चौदा लिटर फ्यूल जाळलं. त्यामुळे बंद पडते वगैरे मला कोणी सांगू नये. ग्लो प्लग, म्हणजे फ्यूल पेटवणारे प्लग, जातात, तो खर्च धरायचा. बाकी गाडी जास्त करून चुकीच्या ट्यूनिंगमुळे बंद पडते.

तर तुमचा प्रश्न. घ्या की, पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायला आवडत असेल तरच. नीडल एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच हलवा, त्याहून जास्त कधीच नाही, आणि हेडचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा, 100 ते 120 अंशांच्या आसपास, पण धूर दिसलाच पाहिजे, आकडा बरोबर आणि धूर नाही असं असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. आयडलवर फ्यूलची नळी चिमटीत दाबा, दोन-तीन सेकंदांनी आरपीएम चढून इंजिन बंद पडलं तर लो स्पीड नीडल ठीक, लगेच बंद पडलं तर लीन, म्हणजे फ्यूल कमी. कडक दुपारी केलेलं ट्यूनिंग थंड पहाटे लीन होतं, हवा दाट असते ना. दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) थेंब टाकायचे, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतं.

स्पीडच हवा असेल तर ब्रशलेस मोटरची इलेक्ट्रिक घ्या, मी भांडणार नाही, लिपो बॅटरीवरची गाडी माझ्या बगीला सरळ रेषेत मागे टाकते. शेजाऱ्यांची भिंत लागून असेल तरीही तीच घ्या. आणि हे आधीच लिहायला हवं होतं, मिथेनॉल विषारी आहे आणि उजेडात त्याची ज्योत दिसत नाही, तेव्हा मुलं जवळ असतील तर बाटली कुलपात, आणि बंद खोलीत इंजिन चालू करायचंच नाही. रिसीव्हरची बॅटरी उतरली की गाडी फुल थ्रॉटलने सुटू शकते, म्हणून थ्रॉटलला रिटर्न स्प्रिंग लावा आणि गाडी उचलून धरून, रिमोट बंद करून फेलसेफ (सिग्नल गेला की आपोआप चालणारी सोय) ब्रेक मारतो का ते बघा. दर वेळी.

दाजी, वाचत असाल तर, तो जुना पिस्टन मी जपून ठेवलाय. पुढच्या वेळी आलात की भिंग घेऊन बसू, ते ओरखडे धुराने पडलेले नाहीत.