ळ आला की गाडी अडते

प्रश्न : ताई, रात्री जेवणं उरकली की आम्ही नातवंडांबरोबर शब्दांच्या भेंड्या खेळतो. कुणी ‘कमळ’ म्हटलं की खेळ थांबतो, कारण ळ-पासून शब्द सुरूच होत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, ळ आला तर तो कुठेही असलेला शब्द चालेल. तरी बाळ, फळ, शाळा झाले की माझं पुढे काही सुचत नाही. परवा नातीनं ‘फूळ’ म्हटलं आणि ते चूक का, हे मला सांगता आलं नाही. शब्द शोधायची काही रीत आहे का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, तुमचा नियम मला फार आवडला. बऱ्याच घरांत ळ आला की ल घेऊन पुढे जातात आणि इतकं आपलं अक्षर खेळातून बाद होतं.

शब्दकोश इथे उपयोगी पडत नाही, तो पहिल्या अक्षरावर लावलेला असतो. मी गेली बावीस वर्षं शब्दकोडी रचते. मधल्या घरात ळ हवा असला की मी डोळे मिटून आईच्या स्वयंपाकघरात जाते. फळीवर डाळ, तांदूळ, गूळ, तीळ, हळद. खाली विळी, पळी, पोळपाट, गाळणी, रोळी. कोपऱ्यात उखळ आणि मुसळ. दारामागे नारळ, माळ्यावर भोपळा. हा माळाही धरा! अक्षराच्या मागे लागलं तर शब्द पळतात, जागेत शिरलं तर आपणहून समोर येतात.

मुलांना आवाज विचारा. ओढा कसा वाहतो? खळखळ. पानं? सळसळ. जखम? भळभळ. वर्गात कंटाळा आला की? चुळबुळ. एका दमात डझनभर निघतील.

आता नातीचा ‘फूळ’. तिनं अंदाज चुकीच्या दिशेनं केलेला नाही, हे तिला जरूर सांगा. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत येताना बहुधा ळ झाला : फल-फळ, माला-माळ, नील-निळा, धूलि-धूळ. पण जिथे प्राकृतात ल जोडीनं होता, तिथे तो ल-च राहिला. फूल आलं ‘फुल्ल’वरून, म्हणजे उमललेलं. गाल ‘गल्ल’वरून. तेल ‘तैल’चं प्राकृतात ‘तेल्ल’ झालं, त्यावरून. माझा सगळ्यात लाडका जोड म्हणजे काल आणि काळ. वेळ या अर्थाचा ‘काल’ झाला काळ. आणि ‘कल्य’चा कल्ल होऊन आला तो आपला कालचा काल. दोन वेगळे शब्द आणि त्यांना वेगळं ठेवणारा एकटा ळ.

यातून तुमच्यासाठी युक्ती अशी : ल असलेला भारदस्त शब्द घ्यायचा आणि त्याचं घरगुती रूप शोधायचं. स्थलांतर म्हटलं की स्थळ, मूलभूत म्हटलं की मूळ, बलवान म्हटलं की बळ, कालीन म्हटलं की काळ. कुलकर्णी आणि कुळकर्णी ही दोन्ही आडनावं तर तुमच्या ओळखीचीच असतील.

ण-वर अडलात तरी हीच वाट धरा. जन-जण, पानीय-पाणी. पण कर्णाचा कण्ण झाला आणि मग कान, पर्णाचा पण्ण आणि मग पान. जोडी होती तिथे न आला.